वाकडं कॅलेंडर

काशीनाथ शिवलकरांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि त्याचा त्यांना पगार मिळाला. हाटकेशच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ते चेकर होते. पॉलिश होऊन आलेलं पातेलं हातात घ्यायचं, ट्यूबलाइटखाली एकदा फिरवायचं, कुठे पोचा, कुठे चरा, कुठे काठ वाकडा दिसला की खडूने फुली मारून बाजूला ठेवायचं. भांडं चांगलं असलं तर काही बोलायचं नाही, नुसतं पुढे सरकवायचं. चांगल्या भांड्याला काय आरती ओवाळायची?

ही सवय कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी आले असते तर बरं झालं असतं. पण छे! नवघरच्या घरातही आमटीत मीठ कमी पडलं की लगेच सांगायचे, बरोबर असलं की मुकाट जेवायचे. त्यांची बायको अनसूया हसायची. म्हणायची, "आज फुली नाही मारली, म्हणजे आमटी पास झाली." तिला ती भाषा कळायची. त्यांच्या मुलाला, अभिनवला, ती कधीच कळली नाही.

अभिनवने पहिल्या पगारात कॅमेरा घेतला आणि पहिला फोटो काढला तो आईचा. ओट्यापाशी भाकरी थापता थापता मान वळवून हसलेली अनसूया. पोराने तो मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि वडिलांच्या हातात दिला. काशीनाथांनी तो ट्यूबलाइटखाली धरला, जरा फिरवला आणि म्हणाले, "मागचं कॅलेंडर वाकडं आलंय."

बस्स, एवढंच. अनसूयेने कपाळाला हात लावला. त्यानंतर अभिनवने वडिलांना एकही फोटो दाखवला नाही. पुढे तो नोकरीसाठी जर्मनीला, हॅम्बुर्गला गेला. तिथल्या फोटोग्राफी क्लबात त्याला बक्षिसं मिळाली. काशीनाथांना हे सगळं कळलं ते अनसूयेकडून.

कारण बापलेकांचं फोनवरचं बोलणं ते केवढं! "बरा आहेस ना? जेवलास? घे, आईशी बोल." आता यात एकट्या काशीनाथांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, आपल्याकडचे निम्मे बाप याच तीन वाक्यांवर मुलं वाढवतात. पण दोन वर्षांपूर्वी अनसूया गेली, आणि फोन हातात द्यायला घरात कुणी उरलं नाही. रविवारी फोन यायचा. बरा आहेस ना, जेवलास, आणि मग दोन्हीकडे शांतता. काशीनाथांना विचारायचं असायचं पुष्कळ. तिथे थंडी किती असते, तू एकटा काय करतोस, आईची आठवण आली की कुणाशी बोलतोस. पोरासाठी जीव नुसता तुटायचा, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. मग अभिनवच म्हणायचा, "ठेवू बाबा?" आणि हे म्हणायचे, "ठेव."

वर्षश्राद्धाला अभिनव आला तेव्हा त्याने वडिलांसाठी एक छोटा, नवाकोरा कॅमेरा आणला. भिंतीवर हार घातलेला आईचा तोच भाकरीवाला फोटो होता. त्याच्याकडे दोघांनीही बघायचं टाळलं.

"बाबा, नुसते बसून राहू नका. फोटो काढा आणि मला पाठवा," अभिनव म्हणाला. "काय सुधारायचं ते मी सांगत जाईन."

काशीनाथांनी पहिला फोटो काढला खिडकीतल्या तुळशीचा, आणि घाबरत घाबरत पाठवला. संध्याकाळी अभिनवचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला, चांगला सहा मिनिटांचा. "बाबा, फोकस मागच्या ग्रिलवर गेलाय, त्यामुळे तुळस धूसर आलीय. स्क्रीनवर तिच्या पानावर बोट टेकवायचं, मग बटण दाबायचं. पण उजेड छान पकडलाय तुम्ही, सकाळचा आहे ना?" आणि शेवटी सहज, "इथे अजून अंधारच असतो सकाळी. चला, वरण उतू जातंय माझं."

पोरगा वरण करतोय! काशीनाथांनी ती सहा मिनिटं चार वेळा ऐकली. शेवटच्या वेळी डोळे पुसले.

झालं, म्हातारा कामाला लागला. तलावावरचे बगळे, बाजारातली केळीवाली, चौक गावच्या किनाऱ्यावर वाळत टाकलेले बोंबील. रोज एक फोटो जायचा आणि रोज चुका यायच्या. पाय कापू नका, सूर्य पाठीशी ठेवा, सगळं मधोमध नको. आणि चुकांच्या मागून पोराच्या आयुष्याचं एखादं टोक यायचं. खोकला झालाय, सायकल पंक्चर झाली, आज आईसारखी सोलकढी करायला गेलो आणि फसली.

पण चेकरचीच नजर ती. एकदा सांगितलेली चूक काशीनाथ दुसऱ्यांदा करत नसत. चार महिन्यांत हात बसला, फोटो सुरेख यायला लागले. आणि काय झालं? अभिनवकडून नुसता अंगठा. दुसऱ्या दिवशी अंगठा, तिसऱ्या दिवशीही अंगठा. शब्द नाही, आवाज नाही. चांगलं भांडं तो नुसतं पुढे सरकवत होता. बापाचाच मुलगा, दुसरं काय करणार!

त्या महिन्यात असे सतरा अंगठे आले. मग एके दिवशी चालत्या रिक्षातून काढलेला एक तिरका फोटो चुकून गेला. रात्र व्हायच्या आत पाच मिनिटांचा आवाज हजर! "बाबा, अहो क्षितिज केवढं कललंय! समुद्र सांडेल की!" आणि पोरगा चक्क हसला. काशीनाथांना वाट सापडली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुद्दाम चुका करायला सुरुवात केली. बसने चौकला जायचं, होडी बघायची, कॅमेरा तिरका धरायचा. पण स्वभावाला औषध नाही. म्हणून ते आधी एक नीट, सरळ फोटो काढत, स्वतःपुरता. मग देवाची क्षमा मागून दुसरा बिघडवत, आणि तो पाठवत.

बोंबील वाळत घालणारी चंपा हे पंधरा दिवस बघत होती. शेवटी तिला राहवेना. "काका, पयला सरल काढतंव. मंग परत वाकडा कशाला?"

काशीनाथ ओशाळले. खोटं बोलायला आलं नाही. "वाकडा पाठवला की मुलगा बोलतो," ते म्हणाले.

चंपा खो खो हसली, आणि हसता हसता थांबली. "माझा पोरगा सूरज गोव्याला बोटीवर हाय. फोनच उचलत न्हाय," ती म्हणाली. "तुमचं बरं हाय काका, तुमच्याकरं वाकडं करायला काय तरी हाय." आणि पुन्हा बोंबील पसरायला लागली.

त्याच दिवशी घोटाळा झाला. कॅमेऱ्यातून फोनवर घेतलेले फोटो पाठवताना काशीनाथांनी एकावर बोट ठेवलं आणि गेले सगळेच. सरळ होडी, वाकडी होडी. सरळ चंपा, डोकं कापलेली चंपा. जोड्याच्या जोड्या! आणि प्रत्येक जोडीत मिनिटभराचंही अंतर नाही. त्यांच्या लक्षात आलं तोवर पलीकडे फोटो पाहिल्याच्या निळ्या खुणा उमटल्या होत्या.

अंगठा आला नाही. आवाजही आला नाही. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. एकतीस वर्षांत एक खोटं भांडं पास केलं नाही, आणि पोटच्या पोराशी लबाडी केली! आता त्याला काय वाटलं असेल? म्हातारा आपला वेळ खातो, असंच ना? ते उठून अनसूयेच्या फोटोसमोर उभे राहिले. "तूच बोल आता त्याच्याशी," म्हणाले. तिच्या मागचं कॅलेंडर वाकडंच होतं. पण तिच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघताना त्या कॅलेंडरकडे कोण मेला बघणार होता? हे त्या दिवशी आपल्याला का दिसलं नाही, या विचाराने त्यांना भडभडून आलं.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. अभिनवचा फोटो होता. आईच्या त्या फोटोनंतर सतरा वर्षांत त्याने वडिलांना पाठवलेला पहिला फोटो, आणि फोटो कसला, निव्वळ रद्दी! अख्खं स्वयंपाकघर कललेलं. कोपऱ्यात स्वतःचंच बोट आलेलं. अभिनव ओट्यापाशी उभा, दुसरा हात पिठाने माखलेला, अर्धं कपाळ कापलेलं, आणि हसतोय थेट आईसारखा. पाठीमागे भिंतीवर मराठी कॅलेंडर, तेही वाकडं, आणि दोन वर्षांपूर्वीचं. अनसूयेने दिवाळीच्या फराळाबरोबर पाठवलेलं शेवटचं.

खाली लिहिलं होतं, "बाबा, चुका काढा."

काशीनाथांनी चष्मा पुसला. चुका मोजायला घेतल्या. एक, दोन, तीन, आणि तिथे पोराचा चेहरा दिसला की मोजणी मोडायची. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्यांनी तो नाद सोडला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून मुलाला फोन लावला.

"बाबा?" अभिनव म्हणाला.

बरा आहेस ना, हे ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "फोटो छान आलाय," ते म्हणाले.

पलीकडे अभिनवने नाक ओढल्यासारखं केलं. "नीट बघा बाबा. मागचं कॅलेंडर वाकडं आहे."

"दिसलं रे मला," काशीनाथ म्हणाले. "असू दे. तू दिसतोयस ना."