बाजाराच्या दिवशीचा नकाशा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की राग येण्याऐवजी थकवाच येतो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. मोठ्या शहरांसारखा आमच्याही बाजारपेठेचा नकाशा करायचा, कोणती जागा कशासाठी वापरतात ते रंगाने दाखवायचं, असा वरून हुकूम आला होता. राहतं घर पिवळं, दुकान निळं. सर्वेवाले आले, फिरले, रंगवून गेले. आम्हीही ते विसरून गेलो.

पुढे एक कापडवाले शेठजी फिर्याद घेऊन आले. पेठेच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं दुकान एका बाईने कुलूप तोडून बळकावलं होतं, आतला कापडाचा गठ्ठाही गेला होता. बाई म्हणजे घरोघरी बांगड्या भरणारी विधवा मणियारीण. सगळं गाव तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं. शेठजींचं म्हणणं, हिला राखणीला ठेवली तर ही मालकीण होऊन बसली. पुरावा म्हणून त्यांनी नकाशाची शिक्क्याची नक्कल माझ्या टेबलावर पसरली. जागा निळी होती. सरकारी शिक्का समोर आला की ठाण्यात फारसं डोकं कोणी चालवत नाही. गुन्हा दाखल झाला.

निरोप जाताच खाला स्वतःच चालत आली. कुलूप कोणी तोडलं, असं मी विचारलं. पहिल्याच प्रश्नाला आरोपी खरं बोलला की जुना पोलीस बावचळतो.

“म्याच तोडलं साहेब, वरवंट्यानं. आतमंधी कोंबडी उपाशी मराले टेकली होती, मंग काय करू?”

ती लेकीच्या बाळंतपणाला धामणगाव बढ्याला गेली होती. जाताना खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवून गेली. शेजारीण तिला दाणापाणी घालत होती. मध्येच शेठजींनी कुलूप ठोकलं. गठ्ठा तिने पाहिलाही नव्हता. नवरा गेल्यापासून ती त्या एका खोलीत राहत होती, दुसरी जागा नव्हती. ही खोली गेली तर लेकीच्या सासरी जाऊन पडायचं का, असं तिने मलाच विचारलं. मी जबाब लिहून घेतला आणि तिला घरी पाठवलं. जमादार नाराज झाले. आरोपी सोडायला त्यांच्या जिवावर यायचं.

ठाण्यासमोर एक पानवाला बसायचा. गावातली निम्मी खबर आम्हाला त्याच्याकडूनच मिळायची. संध्याकाळी पान लावता लावता तो म्हणाला, “त्या गल्लीत तुम्ही बंदोबस्ताले जाता, थे बाजाराच्या दिवशी. एखाद्या टायमाले बाजार नसताना जाऊन पाहा न साहेब.”

त्याचं खरं होतं. बाजाराच्या दिवशी त्या गल्लीतलं प्रत्येक घर आपला ओटा आणि पुढची खोली व्यापाऱ्यांना देतं. खाटा उभ्या होतात, अंथरुणं माळ्यावर जातात, घरची माणसं परसात बसतात. खालाच्या खोलीच्या पुढच्या भागात शेठजी ठाण मांडायचे. सर्वेवालेही नेमके बाजाराच्याच दिवशी आले होते, गर्दी कुठवर जाते ते पाहायला. त्यांनी दारातून कापड पाहिलं आणि निळा रंग दिला. त्यांना दोष तरी काय द्यायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळीच पंच घेऊन गेलो. गल्लीत चुली पेटल्या होत्या, दोऱ्यांवर लुगडी वाळत होती, एकही दुकान नव्हतं. खालाच्या खोलीत पुढे शेठजींनी टाकलेली गादी आणि कापड मोजायचा गज, मागे चूल, आणि खाटेखालच्या टोपलीत कोंबडी. ती वाळून काटकी झाली होती, पण अंड्यांवरून उठली नव्हती. अंडी मोजायला गेलेल्या पंचाला तिने चोच मारली. ते पंचनाम्यात घेतलं नाही.

मग शेठजींना ठाण्यात बसवलं. आवाज चढवला नाही. चहा दिला आणि खोलीत कुलूप लावताना काय काय होतं ते सांगायला लावलं. गादी, गज, कापडाचा गठ्ठा. आणखी? काही नाही, आमचं सालोसालचं दुकान आहे. मागे काय होतं? अडगळ. पुन्हा पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी म्हटलं, शेठजी, तुमच्या दुकानात अंड्यांवर कोंबडी कोणी बसवली?

कप खाली ठेवून त्यांनी खरं सांगून टाकलं. जागा निळी झाली की राहणाऱ्याचा हक्क संपतो, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. गठ्ठा त्यांच्याच घरी निघाला. फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला. खालाने पिल्लं निघाल्याचं ठाण्यात येऊन सांगितलं. तिला फार आनंद झाला होता, मलाही झाला.

नकाशा दुरुस्त करावा म्हणून मी वर लिहिलं, पुन्हा लिहिलं. उत्तर आलं नाही. माझी बदली झाली.

नोकरीत शिकलो ते एवढंच की कोणतीही जागा, कोणताही माणूस, एकदा बाजार नसताना पाहावा. शिकून उपयोग किती झाला ते विचारू नका. निवृत्तीनंतर एका लग्नाला त्या गावी गेलो आणि पाय गल्लीकडे वळले. दोन्ही बाजूंना पक्की दुकानं झाली होती. नव्या आराखड्यात ती सगळी पट्टी व्यापाराची ठरली, आराखडा त्या जुन्या नकाशावरून केला होता. खोलीच्या जागी कापडाचं दुकान होतं, गल्ल्यावर शेठजींचा मुलगा. मला ओळखलं नाही, पण खुर्ची दिली, चहा मागवला. इथे एक खाला राहायची, ती कुठे आहे, असं मी विचारलं.

“इथं कोणी राहत नव्हतं बाबूजी,” तो अगदी सरळपणे म्हणाला. “हे पहिल्यापासून दुकानच आहे.”

तो खोटं बोलत नव्हता. मी चहा संपवला आणि खालाच्या लेकीच्या गावची, धामणगाव बढ्याची गाडी कुठून सुटते ते विचारलं.