तिसरी ओळ

आमच्या ऑफिसात, मीटिंगच्या खोलीतल्या पडद्याशेजारी मी लिहिलेला एक कागद चिकटवलेला आहे. व्हिडिओ मीटिंगच्या यंत्राचे माहीत असलेले दोष आणि त्यांवरचे उपाय. चित्र अडकलं तर बंद करून चालू करा, वगैरे. तिसरी ओळ अशी आहे : ‘हळू आवाज यंत्र गोंगाट समजून गाळून टाकतं. सावंतबाई बोलायच्या आधी माइक त्यांच्यापुढे सरकवा.’

पुष्कळदा आम्ही विसरायचो. सावंतबाई मन लावून बोलायच्या आणि शेवटी हेड ऑफिसमधून कुणीतरी म्हणायचं, “नागपूर, काहीच ऐकू आलं नाही.”

“राहू द्या,” त्या म्हणायच्या आणि डबीतली बडीशेप सगळ्यांपुढे फिरवायच्या. दोष यंत्राचा, असं म्हणून आम्ही मोकळे व्हायचो. त्या काय सांगत होत्या, हे नंतर आम्हीही कधी विचारलं नाही.

दिवाळीत त्या अचानक गेल्या.

परवा यंत्राचं नवीन सॉफ्टवेअर आलं. आता म्हणे अगदी बारीक आवाजही पलीकडे पोचतो. मी तो कागद काढायला उठले, तोच मीटिंग सुरू झाली आणि शेजारच्या देशमुखांनी सवयीने माइक सावंतबाईंच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला. त्यांच्या लक्षात आलं, आमच्याही आलं. माइक मात्र कुणी मागे घेतला नाही. पंख्याची घरघर तेवढी चालू होती.

“नागपूर, तुमच्याकडे कुणीतरी हळू बोलतंय,” पडद्यावरून आवाज आला. “आम्ही थांबतो. बोलू द्या त्यांना.”