उत्तरेकडच्या खिडक्या

"हीटिंगचा आकडा पुन्हा लाल आलाय," पलेसा म्हणाली, आणि माझ्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसली.

तिसऱ्यांदा. मी चष्मा डोक्यावर सरकवला आणि तिच्या लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. कार्डिफमधल्या एका प्रायमरी स्कूलला चार नवे वर्ग बांधायचे होते. कौन्सिलची अट होती की इमारत कमीत कमी हीटिंगवर उबदार राहिली पाहिजे. आणि आमचं कॉम्प्युटर मॉडेल सांगत होतं की या वर्गांत मुलं कुडकुडणार.

मी ब्रिस्टलच्या एका फर्ममध्ये बिल्डिंग फिजिक्सचं काम करते. इमारत बांधायच्या आधी तिच्यात ऊन किती येईल, वारा कसा खेळेल, थंडीत ऊब किती टिकेल याचं गणित मांडायचं. पुण्यात आर्किटेक्चर शिकले तेव्हा ऊन बाहेर कसं ठेवायचं ते शिकले. इथे येऊन ते आत कसं बोलवायचं ते शिकावं लागलं. तीस वर्षं झाली, अजून फेब्रुवारी आला की माझा मूड जातो.

पलेसा साउथ आफ्रिकेतून स्कॉलरशिपवर एमएससी करायला आलेली. फ्री स्टेटमधल्या एका छोट्या गावची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, सावळी, शांत, हसली की सगळे दात दिसायचे. युनिव्हर्सिटीने तिला आमच्याकडे प्लेसमेंटला पाठवलं होतं. या शाळेचं काम करायचं आणि त्याच्यावरच डिसर्टेशन लिहायचं, असं ठरलं होतं. स्कॉलरशिप एका वर्षाची. त्यात पास व्हायचं आणि घरी जाऊन काम करायचं, असा करार. वर्ष वाढवून मिळणार नव्हतं. म्हणजे हा प्रोजेक्ट हातचा गेला की डिग्रीही गेली.

इथे सगळे बॉसलासुद्धा नावाने हाक मारतात. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, मला माधवी म्हण. तिने दोन दिवस प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जीभच वळत नाही. तुम्ही माझ्या आईपेक्षा मोठ्या आहात." तिच्या सोथो भाषेत अशा बाईला 'म्मे' म्हणतात, म्हणजे आईच. मग मी म्मे झाले. ऑफिसातल्या इंग्रज मुलांना गंमत वाटायची. मला मात्र बरं वाटायचं, कशाला खोटं बोलू? माझा स्वतःचा मुलगा इथेच जन्मला, तो मला 'आई, chill' म्हणतो.

तर, आकडा लाल. आम्ही एकेक गोष्ट तपासायला घेतली. आधी वेदर फाइल. म्हणजे त्या गावाच्या वर्षभराच्या हवामानाची फाइल, ती चुकून केपटाउनची तर लावली नाही ना? नाही, कार्डिफचीच होती. भिंतींचं इन्सुलेशन बरोबर. हवा किती बदलते, मुलं किती, दिवे किती, सगळं बरोबर. मुलगी इतकी नेटकी की तिच्या फाइलींची नावं पाहूनच समाधान वाटावं.

"खिडक्या?" मी विचारलं.

"उन्हाच्या बाजूला मोठ्या, मागच्या बाजूला लहान. तुमच्या गाइडमध्ये आहे तसंच."

"मग ऊन गेलं कुठे?"

खिडकीतून ऊन आत येतं आणि खोली फुकटात तापते, त्याला आम्ही सोलर गेन म्हणतो. तिच्या मॉडेलमध्ये सोलर गेन जवळजवळ शून्य. मला काही सुचेना. सॉफ्टवेअर बिघडलं म्हणावं तर दुसरी इमारत त्यावर बरोबर चालत होती. शेवटी मी वैतागून म्हटलं, "चल, उद्या साइटवर जाऊ. इथे बसून डोकं फुटायची वेळ आली."

दुसऱ्या दिवशी ट्रेनने कार्डिफला गेलो. नशिबाने लख्ख ऊन. फेब्रुवारीतलं ऊन इथे असं खाली असतं की चालताना सरळ डोळ्यात घुसतं. शाळेच्या मागे रिकामी जागा होती, तिथे जाऊन उभ्या राहिलो. मी म्हटलं, "समज, तू नव्या वर्गात उभी आहेस. तुझ्या मोठ्या खिडक्या कुठे आहेत?"

ती जराही न अडखळता सूर्याकडे तोंड करून उभी राहिली. डोळ्यांवर हात धरला. "इथे. उत्तरेला."

"कुठे?"

"उत्तरेला, म्मे. सूर्य आहे तिकडे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मग विचारलं, "बाळा, सूर्य दुपारी कुठे असतो?"

"उत्तरेला," ती म्हणाली, आणि थांबली. हात खाली आला. चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "हो... इथे नसतो."

आता हे समजावून सांगते. पृथ्वीच्या आपल्या अर्ध्या भागात, म्हणजे पुण्यात काय नि कार्डिफमध्ये काय, थंडीत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो. विषुववृत्ताच्या खाली, साउथ आफ्रिकेत, तो उत्तरेकडे असतो. तिकडे घर विकताना जाहिरातीत 'नॉर्थ फेसिंग' असं कौतुकाने लिहितात. पलेसाने ड्रॉइंगवर बाण बघून बरोब्बर उत्तरेला मोठी काच लावली होती. कार्डिफमधली उत्तर! तिकडे हिवाळ्यात उन्हाची तिरीपसुद्धा जात नाही.

"पण गाइडमध्ये तर साउथ लिहिलंय," मी म्हटलं.

"तेच तर!" ती जवळजवळ ओरडली. "कॉलेजात आमची पुस्तकं सगळी इकडची. त्यात साउथ लिहिलं असलं की आम्ही नॉर्थ वाचायचं. पहिल्याच लेक्चरला सर सांगायचे, दिशा उलटी करून घ्या. पाच वर्षं तेच केलं. साउथ वाचलं की डोकं आपोआप उलटं करतं. मला कळलंसुद्धा नाही, मी इथेही उलटं केलं!"

मला हसू आवरेना. नको होतं हसायला, पण आलं. ती मात्र रडायच्या बेतात होती. तिथेच शाळेच्या कट्ट्यावर बसून तिने मला सांगितलं. तिच्या गावची शाळा अशीच थंडगार होती. कुणीतरी परदेशी आराखडा जसाच्या तसा उतरवला होता, दिशा न फिरवता. मुलं ब्लँकेट अंगावर घेऊन वर्गात बसायची. हीटर लावावा तर तासन् तास वीज नाही. ते ऐकून मी तिला 'भारनियमन' हा शब्द शिकवला. "म्हणून तर मी हे शिकायला आले," ती म्हणाली. "विजेशिवाय उबदार राहतील अशा शाळा बांधायच्या. आणि इथे मी स्वतःच थंड शाळा काढून ठेवली."

मी हसणं थांबवलं. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "कागदावर काढलीस ना? कागदावरची शाळा पाडायला जेसीबी लागत नाही. ऊठ."

ऑफिसात आमचा डायरेक्टर ग्रॅहम. माणूस वाईट नाही, पण क्लायंटचं नाव निघालं की त्याचा बीपी वाढतो. दोन दिवसांनी शाळेच्या हेडटीचरसमोर प्रेझेंटेशन होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे काम तिच्याकडून काढून घे. टॉमला दे." टॉम म्हणजे आमच्याकडचाच एक इंजिनिअर.

"मग तिच्या डिसर्टेशनचं काय?"

"माधवी, तिला उत्तर-दक्षिण कळत नाही."

माझं डोकं सटकलं. "तिला दोन्ही कळतात, ग्रॅहम. तुझ्या टॉमला एकच कळते. त्याला उद्या साउथ आफ्रिकेत शाळा बांधायला पाठवलंस तर काय करेल तो?"

ग्रॅहमने एक सुस्कारा सोडला. मी आवाज खाली आणला. म्हटलं, "चूक तिने लपवली नाही, स्वतःच्या तोंडाने सांगितली. दोन दिवस दे. मी शेजारी बसेन."

"आणि क्लायंट नाराज झाला तर?"

"तर टॉम."

आता तुम्हाला वाटेल की खिडक्या इकडच्या तिकडे केल्या की झालं. कप्पाळ! दक्षिणेला मोठी काच लावली की हिवाळ्यात छान, पण जूनमध्ये वर्गाची भट्टी होते. त्यावर उपाय छज्जा. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, त्याला छज्जा अडवतो. हिवाळ्यात तो खाली असतो, छज्ज्याखालून आत येतो. छज्जा किती पुढे काढायचा यात सगळी गंमत. तिथे पलेसाचा हात बसलेला. तिच्याकडे घरापुढे ओसरीसारखं छप्पर असतंच, लहानपणापासून त्या सावलीत बसलेली मुलगी. टॉमने ते कोष्टकात शोधलं असतं. तिने आधी हाताने स्केच काढलं आणि मग मॉडेलमध्ये घालून पाहिलं, फरक बोटभराचा! आकडा हिरवा झाला तेव्हा मी तिला इराण्याकडे मिळतो तसा चहा करून पाजला. आमच्या ऑफिसच्या किचनमध्ये तो कुणालाच जमत नाही.

शाळेतल्या प्रेझेंटेशनला हेडटीचर मिसेस प्राइस, कौन्सिलचा एक अधिकारी, ग्रॅहम आणि आम्ही दोघी. मी पलेसाला बजावलं होतं, सरळ नवा आराखडा दाखव. ती उभी राहिली आणि पहिलंच वाक्य बोलली, "याच्या आधीचा आराखडा मी उलटा काढला होता."

ग्रॅहमकडे बघायची हिंमत झाली नाही.

"उलटा म्हणजे?" मिसेस प्राइसनी विचारलं.

पलेसाने सगळं सांगितलं. पुस्तकं, सर, पाच वर्षं, सगळं. मिसेस प्राइस खुर्चीत मागे टेकून मोठ्याने हसल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? तो उलटा आराखडा मला बघायचाय. आमच्या जुन्या वर्गांत ऊन थेट मुलांच्या डोळ्यांवर येतं. बोर्ड दिसत नाही. माझ्या टीचर्स वर्षभर पडदे ओढतात आणि दिवसा दिवे लावून शिकवतात."

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं! काय हवंय ते कळवणाऱ्या ब्रीफमध्ये सगळं हीटिंगबद्दल, पडद्यांबद्दल अवाक्षर नाही. पलेसाने लगेच विचारलं, "कुठल्या वर्गात जास्त त्रास होतो?"

"आर्ट रूम. आणि कॉम्प्युटर."

तिने लॅपटॉप वळवला आणि जुनी फाइल उघडली. उत्तरेकडून उजेड येतो, ऊन येत नाही, डोळ्यांना त्रास नाही. या दोन खोल्या नव्या इमारतीत आणू, त्यांना उत्तरेची काच ठेवू, भिंती जाड करू. बाकीच्या दोन वर्गांना दक्षिण आणि छज्जा. तिथल्या तिथे मोडून-जोडून तिने स्केच काढलं. कौन्सिलच्या माणसाने टॉयलेटच्या जागेवरून बराच घोळ घातला, पण ते प्रत्येक मीटिंगला होतंच. आम्ही निघताना मिसेस प्राइसनी पलेसाचा हात धरला. "यू आर नॉट लीव्हिंग धिस प्रोजेक्ट," म्हणाल्या, ग्रॅहमकडे बघून. माझा जीव भांड्यात पडला. परतीच्या ट्रेनमध्ये ग्रॅहमने आम्हाला कॉफी पाजली. त्याच्याकडून ती माफीच समजायची.

डिसर्टेशन तिने ह्याच चुकीवर लिहिलं. इकडची पुस्तकं तिकडे वापरताना काय काय फिरवावं लागतं, दिशेशिवाय आणखी काय. तिला डिस्टिंक्शन मिळालं नाही, इथे त्याच्या खालचं असतं ते मेरिट मिळालं. ती नाचली, मी मात्र चिडले. आठवडाभर त्या परीक्षकांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. ती परत गेली त्या दिवशी एअरपोर्टवर मी रडले, तिने मला समजावलं.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. तिथल्या एका फर्मने तिला पहिलं स्वतंत्र काम दिलंय, शाळाच. मी विचारलं, "कसं चाललंय?"

ती आधी हसली. सगळे दात दिसले. "म्मे, कुणाला सांगू नका. पहिल्या ड्रॉइंगवर मी मोठ्या खिडक्या दक्षिणेला काढल्या."

"काय?"

"वर्षभर तुमच्याकडे राहून सवय झाली! नशीब, दुपारी साइटवर जाऊन त्या खिडक्यांकडे तोंड करून उभी राहिले. ऊन पाठीवर लागलं."

मग फोन फिरवून तिने मला साइट दाखवली. उत्तरेच्या बाजूला खुंट्या ठोकून दोरी बांधलेली, तिथे मोठ्या खिडक्या येणार होत्या. शेजारी दोन गवंडी वाट बघत उभे होते. एकाने मला हात हलवला.

हल्ली आमच्याकडे नवीन इंजिनिअर आला की मी त्याला आधी कार पार्कमध्ये नेऊन उभं करते आणि म्हणते, सूर्य दाखव. ब्रिस्टलमध्ये बहुतेक वेळा तो दिसतच नाही. तरी विचारते.