तेवीस ठिकाणी ‘बदली’

जीपच्या पोटाखाली मी पाठीवर पडलो होतो आणि वहिनी बाहेरून माझ्या बुटांशी बोलत होत्या.

“दिसलं का काही भाऊ?”

“ट्रान्सफर केस मूळचा आहे,” मी म्हणालो. ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडेही पोचवणारी पेटी. जीप चिखलातून निघते ती तिच्यामुळे.

“तो ह्यायनं दोनदा खोलला होता. पण बदलला नाही.”

‘हे’ म्हणजे वहिनींचे यजमान. दोन वर्षांपूर्वी वारले. मनसरकडच्या मँगनीजच्या खाणीत फिटर होते. खाणीने लिलावात काढलेली ही जुनी जीप त्यांनी घेतली आणि तीस वर्षं चालवली. भाग मिळत नसत, तेव्हा ते हाताला येईल त्यातून बनवत.

मी मोटार सर्व्हेअर. अपघात झालेल्या गाड्या विमा कंपनीसाठी तपासायच्या आणि कोणता भाग दुरुस्त करायचा, कोणता बदलायचा ते लिहून द्यायचं, हे चौतीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर असली कामं हौसेने घेतो.

हे काम वहिनींच्या मुलामुळे आलं. अभय मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जुन्या गाड्यांच्या एका क्लबने जीप रॅलीत उतरवायचा आग्रह धरला होता. क्लबचे अध्यक्ष नागपुरात मे महिन्यात ब्लेझर घालत. जीपपुढे उभं राहून त्यांनी ‘हेरिटेज’ हा शब्द चारदा उच्चारला आणि बॉनेट एकदाही उघडलं नाही. रंग-पॉलिशसाठी त्यांनी ओळखीचं गॅरेज सुचवलं.

वहिनींनी एकच अट घातली. “रंग लावा, चमकवा, पण ह्यायच्या हातचं काही निघालं नाही पायजे. कोणतं त्यायचं, कोणतं कंपनीचं, त्याची यादी करून द्या. गॅरेजवाल्याले दाखवता येईल.”

काम सोपं नव्हतं. जीप मूळची अमेरिकन. त्या कंपनीला आपल्या नावाचं इतकं कौतुक, की बोल्टच्या डोक्यावरही आद्याक्षर उमटवलेलं. ब्लेझरवाल्या अध्यक्षांना ती कंपनी आवडली असती. जिथे अक्षर नाही तिथे पाना लावून बघायचा. इंचाचा नीट बसला तर नट बहुधा जुना, मिलिमीटरचा बसला तर नंतरचा. घरी घडवलेल्या भागावर अक्षर नसतं, नंबर नसतो. लेथच्या हत्याराच्या बारीक रेघा तेवढ्या असतात.

रेडिएटर ट्रॅक्टरचा निघाला. त्याला धरून ठेवणाऱ्या कमानी घरी घडवलेल्या. गिअरची मूठ पितळेची, हातात धरली की बोटं आपोआप खाचांत बसत. कोणीतरी स्वतःच्या पंजाचं माप घेऊन ती कातली होती. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवर मात्र मी अडलो. बिडाची नक्षी होती.

“ते माह्या शिलाई मशीनचं हाय,” वहिनी म्हणाल्या. “पायपट्टीच कापली. मी म्हटलं, काहून कापली? तर म्हणे, तू हातानं फिरव वं, मले सकाळी खाणीत पोचायचं हाय.”

“मग?”

“मग काय, दोन महिने हातानं फिरवली. न् दोन महिने बोलली नाही.”

त्या हसल्या. मीही हसलो आणि वहीत लिहून घेतलं.

घरी येऊन यादी टाइप केली. मूळ भागांसमोर ‘मूळ’. वहिनींच्या यजमानांनी बदलून बसवलेल्या तेवीस भागांसमोर ‘बदली’. खाली सही, शिक्का. शिक्क्याची गरज नव्हती. पण सवय.

अभयने यादी गॅरेजला पाठवली, खाली ‘यादीप्रमाणे करा’ असं लिहिलं आणि कंपनीच्या कामासाठी बंगळूरला गेला.

तीन आठवड्यांनी मी सहज गॅरेजमध्ये डोकावलो. जीप हिरवीगार झाली होती. आत हात घातला. गिअरची मूठ काळ्या प्लॅस्टिकची. खाली वाकलो. पेडलला नवं रबर.

“इथलं जुनं पेडल कुठे आहे?” मी फोरमनला विचारलं. माणूस माझ्या जुन्या ओळखीचा.

“बदललं ना साहेब. तुमचाच कागद होता.”

“माझा कागद?”

“तेवीस ठिकाणी ‘बदली’ लिहिलं होतं. तुमचं ‘बदली’ आलं की आपण बदलतच आलो ना इतके वर्षं! काहून विचारत बसू?”

त्याचं काही चुकलं नव्हतं. चौतीस वर्षं माझ्या ‘बदली’चा अर्थ ‘हा भाग काढा, नवा घाला’ असाच होता. एकदाच मी त्याचा अर्थ ‘हा भाग आधीच बदललेला आहे’ असा धरला, आणि कोणाला सांगितलं नाही.

जुने भाग भंगारवाल्याने नेले होते. त्याला गाठलं. “तो लॉट तर गेला बुटीबोरीच्या भट्टीत,” तो म्हणाला. “काही किमती होतं का?”

मी नाही म्हणालो. त्याच्या धंद्याच्या हिशेबाने ते खरं होतं.

वहिनींना सांगायला मी स्वतः गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“कागद हाय का तुमच्यापाशी?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“वाचा मंग.”

मी एकेक नाव वाचत गेलो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. रेडिएटरच्या कमानी. गिअरची मूठ. अ‍ॅक्सिलरेटर पेडल. इथे त्यांनी हात वर केला, म्हणून थांबलो. थोड्या वेळाने त्यांनीच पुढे वाचायची खूण केली. तेविसावं नाव झाल्यावर त्या म्हणाल्या, “बरोबर हाय भाऊ. एक बी सुटलं नाही तुमच्या नजरेतून.”

इतकं चोख प्रमाणपत्र मला नोकरीत कोणी दिलं नव्हतं.

रॅलीत जीपला कप मिळाला. अस्सलपणाबद्दल. कप अध्यक्षांनी ब्लेझर घालूनच दिला. वहिनी गेल्या नाहीत.

मी अजून अधूनमधून अहवाल लिहितो. आता पूर्ण वाक्यं लिहितो. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं घालतो. आणि काळ दोनदा तपासतो.