शालनताईचं शेडनेट

सकाळी दाजींचा फोन आला. "शालन गेली," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. सांगलीहून रहिमतपूरला पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांच्या त्या रडण्याचाच राग डोक्यात भणभणत होता... महिना उलटला, तो अजून उतरलेला नाही.

शालनताई माझी थोरली बहीण. परसात बांबू रोवून, हिरवी जाळी ताणून तिनं खोलीएवढं शेडनेट केलं होतं. माघ लागला की ट्रेमध्ये नारळाच्या काथ्याचा भुसा, कोकोपीट भरायचं, मिरचीचं, वांग्याचं एकेक बी टोचायचं, झारीनं पाणी द्यायचं. आसपासच्या गावांतून माणसं रोपं न्यायला यायची. दाजी फौजेतून निवृत्त होऊन आले ते दारू आणि संशय घेऊन. ताईच्या पाठीवरचे पट्ट्याचे वळ मी पाहिलेत. "चल माझ्याकडं," म्हटलं की म्हणायची, "आन रोपांना पानी कोन घालंल?" मला तिचाच संताप यायचा.

एका वर्षी होळीच्या आधी मी तिच्याकडे होते. रोपं न्यायला आलेला एक म्हातारा जाताना काहीतरी बोलून तिला हसवून गेला. दाजींनी ते पाहिलं. बुटांसकट आत शिरले आणि एकेक ट्रे तुडवायला लागले. बोटभर वाढलेल्या रोपांचा चिखल झाला. ताई आडवी गेली, तर केस धरून तिचं डोकं बांबूवर आपटलं. एकदा, दोनदा... मी दाजींचा हात ओढत होते, मला झटकलं. तेवढ्यात ताईच्या हाताला लोखंडी पाइप लागला. तिनं तो दोन्ही हातांनी फिरवला. दाजींच्या मनगटाचं हाड मोडलेलं मी ऐकलं. दाजी खाली बसले. तिनं पाइप पुन्हा उचलला. "शालन, नगं," ते म्हणाले. कपाळातलं रक्त डोळ्यात उतरत होतं, तरी ती तशीच उभी... मग तिनं पाइप टाकला.

दवाखान्यात त्यांना तिनंच नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? "मी मारलं," ताई म्हणाली. डॉक्टर तिच्या कपाळाकडे बघत राहिले. "आन ह्ये त्यांनी."

त्यानंतर दाजींनी तिच्या अंगाला हात लावला नाही. पण ती सुखी झाली असं मी लिहिणार नाही. शेवटपर्यंत दोघं वेगवेगळी जेवली. गेली तीही रोपांना पाणी घालताना, हृदय बंद पडून.

तेराव्याला दाजी "माजी लक्ष्मी गेली" म्हणून लोकांपुढं रडत होते. मला राहवलं नाही. "आवं दाजी, तिला डाव्या कानानं ऐकू का येत न्हवतं, त्ये बी सांगा की."

दाजींनी डोळ्यांवरचा पंचा खाली घेतला. म्हणाले, "माज्यामुळं. लय मारलंय मी तिला."

माझं मन काही निवलं नाही. उठून शेडनेटात गेले, पत्र्याचं दार ओढून घेतलं. तेव्हा दिसलं, दाराला कडी होती ती फक्त आतून. जाडजूड, वापरून गुळगुळीत झालेली. मी ती लावली. तेराव्याच्या गडबडीत कालपासून कुणी पाणी घातलं नव्हतं, उन्हानं रोपांनी माना टाकल्या होत्या. बाहेरून दाजी हाका मारत होते. मी झारी भरली आणि शेवटच्या ट्रेपर्यंत पाणी घालून होईतो कडी काढली नाही.