रुळांआधीचे फाटक

ज्या गाडीचे रूळच अजून टाकलेले नाहीत, तिच्यासाठी तुम्ही कधी उन्हात फाटकापाशी थांबला आहात? आम्ही थांबलो आहोत. रोज, दोन वेळा. आणि आम्हाला थांबवणारा माणूस म्हणजे फाटकवाले भाऊ.

मुलचेऱ्याच्या रस्त्यावर, आमच्या गावाबाहेर, रेल्वेमार्गासाठी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, गेली. त्यांत भाऊंचीही होती. बदल्यात कंत्राटदाराने त्यांना फाटकावर ठेवले. एक शिट्टी, एक हिरवी झेंडी आणि एक हुकूम: दांडा गंजू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ पाडायचा, पाच मिनिटांनी उचलायचा. रुळांसाठीचा मातीचा भराव फाटकाच्या कोसभर आधीच थांबला होता.

भाऊंनी त्या हुकमात जीव ओतला. दांडा पडला की झेंडी धरून गवताकडे ताठ उभे राहायचे. पाच मिनिटांनी, गाडी निघून गेल्यासारखी मान वळवायचे आणि मगच दांडा उचलायचे. बैलबंड्या थांबत, एसटी थांबे, शेळ्यासुद्धा शिट्टी ओळखू लागल्या. बाजूच्या मोकळ्या रानातून सहज जाता आले असते. पण कोणी निघालेच, तर आमचेच लोक दटावत, "गाडी जाऊ दे ना! काऊन घाई करून राह्यला?"

मी वडिलांनी छापलेल्या, लोकांना मोर्चाला बोलावणाऱ्या पत्रकांवर वाढलेली. सायकलला गठ्ठा बांधून निघाले असताना एकदा मी दांड्यावर मूठ आपटली.

"भाऊ, गाडी कुठी हाये?"

"येऊन राह्यली."

"रूळ नाई, तर येईल कशी?"

"तुह्या पत्रकानं तरी कोण आलं, बाई? तरी तू वाटतेच ना?"

मी सायकल धरून पाच मिनिटे थांबले.

कामाच्या प्रगतीच्या अहवालात 'फाटकाची नियमित उघडझाप सुरू' अशी ओळ असे. रेल्वेच्या साहेबांनी ती वाचून दाखवली, तेव्हा भाऊ आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, "पाहा, काम माह्याच भरवशावर चालू हाये." गेलेल्या जमिनीबद्दल ते बोलत नसत. त्यांचे मागणे एकच होते. "पहिल्या गाडीले झेंडी मी दाखवीन. माह्या बांधीतून जाईल ते."

एका सकाळी साहेब तपासणीला आले असताना, पाडलेल्या दांड्यापुढे एक जीप येऊन थांबली. आत बाळंतपणाच्या कळा सोसणारी बाई. आणि चालकाने काय करावे? सवयीने इंजिन बंद केले! भाऊंनी आत पाहिले. दोनच मिनिटे झाली होती.

"वेळ पूर्ण होऊ द्या," साहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले.

भाऊंनी दांडा उचलला.

बाळ दवाखान्यात सुखरूप जन्मले. भाऊंना नोटीस आली: गाडी जाण्यापूर्वी फाटक उघडून लोकांचे जीव धोक्यात घातले. चौकशीत त्यांना विचारले, "अन् गाडी आली असती तर?"

"आली असती तर झेंडी दाखवली असती, साहेब. हातातच होती."

ती झेंडी त्याच दिवशी काढून घेतली.

भाऊ वरोऱ्याला लेकीकडे निघाले, तेव्हा मी त्याच एसटीत होते. फाटक बंद होते. नवा माणूस शिट्टी वाजवत होता. भाऊंनी खिडकीतून रिकामा हात बाहेर काढला, गवताकडे धरला आणि पाच मिनिटे तसाच ठेवला. मग पुटपुटले, "त्याले शिट्टी लंबी मारता येत नाई."

मी खाली उतरले नाही. त्याची लाज अजून वाटते.

म्हणून मागणे आहे. या रस्त्याने आलात आणि दांडा पडलेला दिसला, तर आधी दोन्हीकडे नीट पाहा. रूळ नसतील, तर खाली उतरा आणि दांडा उचला.