मिशी गेल्याचं सुतक

लांब चेहरा असणं हा काही गुन्हा नाही. पण चांदा शहरातल्या त्या सलूनवाल्यानं माझी हनुवटी दोन बोटांत धरून असं पाहिलं, जणू हे तोंड मी कुठून तरी चोरून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी पाहायला जायचं होतं. आधीची स्थळं माझं तोंड पाहूनच हातची गेली होती, म्हणून मी गावचा न्हावी सोडून या मोठ्या आरशाच्या दुकानात शिरलो. चूक माझी, पण शिक्षा पाहा.

लांब चेहऱ्यावर उंच केस म्हणजे ताडावर मडकं, असा त्याचा सिद्धान्त. त्यानं वरचे केस उतरवले. मग कानाजवळचे फुगलेले दिसू लागले. ते सारखे करता करता एक बाजू गेली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. शेवटी उरलेल्या खुंटांकडे पाहून तो म्हणाला, आता ही मिशीच चेहरा खाली ओढते आहे. मी मान डोलावली.

आमच्याकडे मिशी एकदाच उतरते, बाप गेल्यावर. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आरशासमोर बसलं की माणसाला बाप आठवत नाही.

मुलीच्या गावी मी चांद्याहूनच मोटारीनं पोचलो. वडील आमच्या खेड्यातून बैलबंडी जुंपून येणार होते. मी टोपी काढून ओसरीवर बसलो. मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

“कवा झालं, भाऊ?”

मला बरं वाटलं. कोणी तरी कटिंगची दखल घेतली.

“काल संध्याकाळी. चांद्याले.”

“लय तरास झाला का?”

“मानेजवळ थोडा. बाकी झटपट आटोपलं.”

ते हळूहळू मागे सरकले. बापाला कालच पोचवून आज पोहे खायला आलेला मुलगा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. आत कोणी तरी चुलीवरची कढई खाली उतरवली.

तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि वडील चाबूक घेऊन अंगणात शिरले. रामराम घालताना त्यांची नजर माझ्या ओठावर गेली.

“काऊन रे,” ते म्हणाले, “मले कवा जाळलं?”

दाराआड कोणी तरी तोंडात पदर कोंबून हसलं. मुलीचे वडील मात्र हसले नाहीत. मिशी आल्यावर या, तोवर बोलणं नाई, असं त्यांनी सांगून टाकलं. कढई पुन्हा चुलीवर चढली, आणि पोहे फक्त वडिलांना मिळाले. याचा राग माझ्या मनात अजून आहे. ते जिवंत निघाले म्हणून त्यांना पोहे. मग मी काय मेलो होतो?

मिशी यथावकाश आली, लग्नही झालं. दाराआड हसली होती तीच. पण न्याय म्हणाल तर नाव नको. अजूनही मी दाढीला बसलो आणि वस्तरा जरा ओठाकडे वळला, की ती हातातलं काम टाकून दारात येते आणि थेट आपल्या वडिलांच्या आवाजात विचारते, “कवा झालं, भाऊ?”